खिडकीसमोरचं स्थानक: सिंगापूरची बुकित पंजांग एलआरटी घरांच्या गर्दीतून कशी धावते

सिंगापूरच्या बुकित पंजांग या वस्तीतल्या गाडीत बसलं की दोन-चार मिनिटांत एक गंमत दिसते. खिडकीतून बाहेरचं सगळं लख्ख दिसत असतं. समोरून एक उंच इमारत जवळ येते, वाळत घातलेले कपडे ओळखू येऊ लागतात, आणि तेवढ्यात खिडकीची काच एकदम दुधी होते. इमारत मागे पडली की काच पुन्हा स्वच्छ. पडदा कुणी ओढलेला नसतो. गाडीत ओढायला कुणी असतही नाही, कारण ही गाडी चालकाशिवाय धावते.

अशा काचेचं तंत्र फार अवघड नाही. दोन काचांच्या मधे एक पातळ थर असतो आणि त्या थरात लिक्विड क्रिस्टलचे सूक्ष्म थेंब अडकवलेले असतात. थराला वीज मिळाली की थेंबांतले रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि उजेड आरपार जातो. वीज काढून घेतली की ते विस्कटतात, उजेड इकडेतिकडे फुटतो आणि काच दुधी दिसते. म्हणजे आरपार दिसण्यासाठी वीज लागते, दुधी व्हायला नाही. यात एक शहाणपण आहे: वायर तुटली किंवा वीज गेली तर बिघाड घरातल्यांच्या बाजूने होतो. गाडी मार्गावर नेमकी कुठे आहे हे स्वयंचलित गाडीत यंत्रणेला माहीत असावंच लागतं, त्यामुळे कोणत्या टप्प्यात काच दुधी करायची हे ठरवून देणं सोपं. उन्हाने थर पिवळा पडणं आणि कडेने सुटणं, हे या काचांचे नेहमीचे आजार.

पण काच हा शेवटचा इलाज. गाडी केवढी, चाकं कशाची, मार्ग कोणत्या उंचीवर, जिना कुणाच्या दारात, हे सगळं काचेच्या कितीतरी आधी ठरतं. आणि वस्तीतल्या स्थानकाचा त्रास किंवा सुख मुख्यतः त्यातून येतं. मुंबई-पुण्यात आता चौथ्या-पाचव्या मजल्याच्या खिडकीसमोर मेट्रोचा फलाट येणं नवलाचं राहिलेलं नाही. त्यामुळे हा हिशोब आपल्यालाही समजून घेण्यासारखा आहे.

'हलकी' म्हणजे नेमकं काय

बुकित पंजांग एलआरटी (लाइट रेल ट्रान्झिट) ही सिंगापूरची पहिली हलकी रेल्वे. ६ नोव्हेंबर १९९९ ला सुरू झाली. चोआ चू कांग या मोठ्या मेट्रो स्थानकापासून निघायचं, वस्तीत शिरायचं, बुकित पंजांगपाशी वळसा सुरू करायचा आणि पेतिर, पेंडिंग, बांगकित, फजार, सेगर, जेलापांग, सेन्जा करत पुन्हा त्याच वाटेने परत. एका सेवेच्या गाड्या वळसा एका दिशेने घेतात, दुसरीच्या उलट दिशेने. आज १३ स्थानकं आहेत. चौदावं टेन माइल जंक्शन होतं. ते एका मॉलच्या इमारतीतच होतं आणि गाड्यांचं आगारही त्याच इमारतीत. जागेची टंचाई म्हणतात ती अशी! ते स्थानक १३ जानेवारी २०१९ ला कायमचं बंद झालं, आगार मात्र राहिलं.

हलकी म्हणजे वजनाने हलकी असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरा अर्थ क्षमतेशी निगडित आहे. इथल्या एका डब्यात दाटीवाटीने साधारण १०० माणसं मावतात आणि गाडी एका किंवा दोन डब्यांची. दर ३ मिनिटांनी दोन डब्यांची गाडी सोडली तर तासाला एका दिशेने २० फेऱ्या आणि ४,००० च्या आसपास माणसं. आपल्या बारा डब्यांच्या लोकलच्या गर्दीच्या वेळच्या एकाच फेरीत हजारो माणसं असतात. तेव्हा ही गाडी शहर ओलांडायची नाही, घरापासून मोठ्या स्थानकापर्यंत नेऊन सोडायची. पुण्यात सहाआसनी रिक्षा जे काम करायच्या, तेच काम खांबांवरून. म्हणून स्थानकंही सरासरी ६०० मीटरवर. कुठल्याही घरातून तीनचारशे मीटर चाललं की फलाट लागावा.

बुकित पंजांग हे गाव आधी वसलं आणि रेल्वे मागाहून आली. रस्ते, इमारती, चढउतार सगळं जागच्या जागी होतं, त्यातून वाट काढायची होती. ही मार्गिका म्हणजे उभ्या गावात मागाहून घुसवलेली गोष्ट, असं त्या देशाचे माजी वाहतूकमंत्री खॉ बून वान यांनीही जाहीरपणे सांगितलं होतं. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथे आहे.

फलाट कितव्या मजल्यावर येतो

हा हिशोब कुणीही कागदावर करू शकतो. शहरी रस्त्यावर वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडतात. त्यावर मार्ग पेलणाऱ्या गर्डरची जाडी दीड मीटर धरा. मार्ग आला ७ मीटरवर. गाडीची फरशी, म्हणून फलाटही, साधारण सव्वा मीटर वर. फलाटावर उभ्या माणसाचे डोळे आणखी दीड मीटर वर. एकूण पावणेदहा मीटर. मजला ३ मीटरचा धरला तर ही नजर थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत जाते.

आपल्याकडच्या मेट्रोत फलाटाखाली आणखी एक मजला असतो, तिकीट आणि तपासणीचा. तो घातला की रूळ साडेबारा मीटरच्या आसपास जातात आणि प्रवाशाचे डोळे पंधरा मीटरवर. म्हणजे पाचवा मजला. तिकिटाची फाटकं फलाटाच्याच पातळीवर किंवा जिन्याच्या तोंडाशी ठेवली तर हा मधला मजला वाचतो, जिना लहान होतो, खर्च उतरतो आणि स्थानकाचा ठोकळाही छोटा दिसतो. त्याची किंमत अशी की रस्ता ओलांडून दुसऱ्या फलाटावर जायची सोय वेगळी करावी लागते, नाहीतर चुकीच्या जिन्याने वर गेलेला माणूस पुन्हा खाली उतरतो, रस्ता ओलांडतो आणि गाडी चुकवतो.

फलाट दोन्ही बाजूंना की मधोमध, हाही घरांशी जोडलेला प्रश्न आहे. मधोमध एकच फलाट असला तर तेच जिने, तीच लिफ्ट दोन्ही दिशांना पुरते. पण दोन्ही मार्गांना स्थानकाआधी फाकावं लागतं आणि गाडी घरांच्या बाजूला सरकते. बाजूचे फलाट असले तर मार्ग सरळ राहतात, गाडी रस्त्याच्या मध्यावरच राहते, पण थांबलेली माणसं घरांच्या जवळ येतात. गाडी जवळ हवी की गर्दी, एवढीच निवड. गाडी वीस सेकंदांत निघून जाते, गर्दी दिवसभर असते. वस्ती फार जवळ असेल तर मधला फलाट बरा, असं आमचं मत. पण अरुंद रस्त्यात मार्ग फाकवायला जागाच नसते.

आवाज येतो कुठून

लोखंडी चाक सरळ रुळावर फार ओरडत नाही. ते ओरडतं वळणावर. एका धुरीवरची दोन्ही चाकं एकत्र जखडलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण दोघांना फिरायचं असतं सारखंच. मग एक चाक थोडं घसरतं, अडकतं, पुन्हा घसरतं. शिवाय दोन धुऱ्या एका सांगाड्यात समांतर असल्याने चाकाचं तोंड रुळाच्या रेषेत राहत नाही आणि ते आडवंही खरवडतं. हे अडकणं-घसरणं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतं आणि चाक घंटेसारखं वाजू लागतं. फळ्यावर खडू किंचाळतो, त्यातलाच प्रकार. वळण जितकं अरुंद तितकी किंकाळी मोठी.

बुकित पंजांगमध्ये वळणं टाळता येण्यासारखी नव्हती, म्हणून गाडीला रबरी टायर दिले. टायर काँक्रीटच्या सपाट पट्ट्यांवर धावतात. मधोमध एक लोखंडी तुळई असते आणि तिला दोन्ही बाजूंनी छोटी आडवी रबरी चाकं कवटाळून असतात. गाडीला वळवायचं काम ती करतात. किंकाळी गेली. चढही जमला, कारण लोखंडावर लोखंड शेकडा ४ च्या पुढच्या चढावर कुरकुरायला लागतं, पण रबर काँक्रीटवर शेकडा १० पर्यंतचा चढ झेपवतं.

फुकट काहीच मिळत नाही. रबरी टायर दर फिरण्यात दबतो आणि सुटतो, त्यात उष्णता वाया जाते. लोखंडी चाकाच्या तुलनेत त्याला पाच ते दहापट जास्त ओढ लागते, म्हणून वीजही जास्त. टायर झिजतात, फुटतात. फुटला तरी गाडी एका बाजूला बसू नये म्हणून आतून पक्का आधार द्यावा लागतो. दिशा देणाऱ्या छोट्या चाकांवर तर प्रत्येक वळणावर मार बसतो. तुळईचा सांधा किंचित सरकलेला असला की आख्खा डबा डावी-उजवी झटका खातो आणि उभा प्रवासी दांडी शोधतो.

शिवाय आवाज पूर्ण जात नाही, त्याची जात बदलते. काँक्रीट उन्हाने वाढतं. ३० मीटरचा गर्डर १० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढतो, ३० अंशांच्या फरकाने ११ मिलिमीटर. सिंगापुरात दिवस-रात्रीतला फरक थोडा, नागपुरात उन्हाळा-हिवाळ्याचा फरक केवढा! म्हणून दोन गर्डरांच्या मधे फट ठेवावी लागते आणि तिच्यावर सांधा. टायर त्यावरून जाताना 'थप्प' वाजतं. पुढचा टायर, मागचा टायर, पुढचा डबा, मागचा डबा. सांधा नवा आणि सपाटीत असेल तर हे जाणवतही नाही. त्याची कड ३-४ मिलिमीटर वर आली की शेजारच्या खोलीत रात्री साडेअकराला तेच ऐकू येतं. दोन्ही दिशांच्या गाड्या दर ३ मिनिटांनी धरल्या तर तासाला ४० वेळा. लोक तक्रार 'गाडीच्या आवाजाची' करतात, इलाज मात्र पाना घेऊन सांध्यापाशी करायचा असतो. तक्रारीत आवाजाची जात लिहिली तर काम लवकर होतं. किंचाळी आली तर वळण किंवा ब्रेक. ठरावीक ठेक्यातली थप्प आली तर सांधा. सतत घुरघुर, ती भिंतीतूनही जाणवत असेल, तर कंप काँक्रीटमधून येतो आहे. लोखंडी रुळांच्या मार्गावर त्यासाठी रुळाखाली रबरी गादी घालतात.

आता आवाज अडवणाऱ्या भिंती. त्या भूमितीने चालतात आणि भूमिती वरच्या मजल्यांना दगा देते. चाकापासून २ मीटरवर १.२ मीटर उंचीची भिंत घातली आहे असं धरा. चाकापासून भिंतीच्या माथ्यावरून एक दोरी ताणा. दर मीटरला ती ६० सेंटिमीटर चढते. इमारत १० मीटरवर असेल तर दोरी तिला मार्गाच्या पातळीपासून ६ मीटर उंचीवर भेटते. म्हणजे मार्गाच्या वरचे दोन मजले भिंतीच्या सावलीत. तिसऱ्यापासून पुढे चाक सरळ दिसतं आणि जिथून दिसतं तिथे ऐकूही येतं. मार्गाच्या खालच्या मजल्यांना गर्डरच्याच तळाची आडोसा मिळालेली असते. म्हणून एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावरचे म्हणतात 'काही त्रास नाही' आणि सातव्यावरचे वैतागलेले असतात. दोघंही खरं बोलत असतात.

भिंत उंच केली तर? वाऱ्याचा दाब वाढतो, खांब जाड करावे लागतात, खालच्या घरांचा उजेड जातो. अंतर दुप्पट झालं तर गाडीसारख्या लांबट उगमाचा आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात. त्यामुळे 'मार्ग दोन मीटर पलीकडे सरकवा' ही मागणी ऐकायला वाजवी असली तरी त्याने कानाला फारसा फरक पडत नाही. नजरेला मात्र पडतो.

वळणावरचा फलाट आणि छोटा डबा

डबा सरळ, फलाट वाकडा. मग मधे फट पडते. ती किती, हे काढायला डब्याच्या लांबीचा वर्ग करायचा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. १२ मीटरचा डबा, १०० मीटर त्रिज्येचं वळण: १४४ भागिले ८००, म्हणजे १८ सेंटिमीटर. मोठ्या मेट्रोचा २२ मीटरचा डबा त्याच वळणावर आणला तर ६० सेंटिमीटर. त्यात लहान मूल आख्खं जाईल. यावरून कळतं की अशा वस्तीत डबे छोटे का ठेवावे लागतात आणि मोठ्या मेट्रोची स्थानकं सरळ रस्त्याच्याच तुकड्यावर का शोधावी लागतात. त्यासाठी कधी कधी स्थानक चौकापासून दोनशे मीटर दूर जातं आणि लोक चिडतात, पण कारण बहुधा हेच असतं.

स्थानकाचा स्वतःचा आवाज, उजेड आणि पाणी

गाडी जाते, स्थानक तिथेच असतं. पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत घोषणा आणि दार बंद होतानाची टिंगटिंग चालते. चूक सगळीकडे एकच होते: चार मोठे कर्णे लावतात आणि फलाटाच्या टोकाला ऐकू यावं म्हणून आवाज चढवतात. दर ४-५ मीटरवर खालच्या दिशेने तोंड केलेले छोटे स्पीकर लावले तर प्रत्येकाचा आवाज हळू ठेवता येतो आणि तो फलाटाबाहेर कमी जातो. भोवतालचा गोंगाट मोजून आवाज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा असते. ती बसवलेली असून बंद असणं, हेही सर्रास. दिव्यांचं तेच. छताला चिकटवलेला, खाली पाहणारा, कडा झाकलेला दिवा हवा. उघडी नळी लावली की समोरच्या शयनगृहात रात्रभर चांदणं.

आडोसा म्हणून फलाटाला भिंत बांधून टाका, ही मागणी नेहमी येते. उष्ण, दमट हवेत भिंत बांधलेला फलाट भट्टी होतो. शिवाय बाहेरून दिसत नाही अशा फलाटावर रात्री एकट्या बाईला थांबावंसं वाटत नाही. मधला मार्ग आडव्या तिरक्या पट्ट्यांचा. पट्ट्यांचा कल असा ठेवायचा की फलाटावरून खालचा रस्ता दिसावा, समोरची खिडकी नाही, आणि वारा आत यावा. कल उलटा बसवला तर पावसाचं पाणी थेट बाकावर येतं. ठेकेदाराला ड्रॉइंगची दिशा उलटी लागणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात: मार्गावर पडलेलं पाणी खांबाच्या आतल्या किंवा बाजूच्या नळीतून खाली येतं. नळीच्या तोंडाची जाळी पानांनी आणि टायरच्या काळ्या भुकटीने तुंबली की पाणी गर्डरच्या कडेवरून पदपथावर धबधब्यासारखं कोसळतं. पावसाळ्याआधी जाळ्या साफ करणं हे दोन माणसांचं एका रात्रीचं काम असतं.

जिना उतरतो कुठे

स्थानकाच्या बैठकीत लोक आवाजावर दोन तास बोलतात आणि जिन्याचा नकाशा कुणी उघडत नाही. फलाट ८.२५ मीटरवर असेल आणि पायरी १५ सेंटिमीटरची, तर ५५ पायऱ्या. प्रत्येक पायरी ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे साडेसोळा मीटर. मधे विसाव्याचे चार चौथरे धरले तर सरळ जिन्याची लांबी २२ मीटर. एवढा पदपथ तो व्यापतो. दुमडला तर लांबी निम्मी होते, रुंदी दुप्पट, आणि पदपथच संपतो. जिन्याच्या तोंडाशी रिक्षा थांबतात, सायकली लागतात, भाजीवाला येतो. तो कोपरा कुणाच्या फाटकासमोर आहे, यावर त्या सोसायटीची पुढची तीस वर्षं ठरतात. सिंगापुरातल्या सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींना तळमजला मोकळा ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे तिथे स्थानकापासून इमारतीपर्यंत छपराखालून वाट काढता आली. आपल्याकडे तळमजल्यावर दुकानं किंवा पार्किंग असतं.

जिने किती आणि केवढे रुंद, हे सौंदर्याने ठरत नाही, आगीने ठरतं. जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा: ४ मिनिटांत फलाट रिकामा व्हावा आणि ६ मिनिटांत माणसं सुरक्षित जागी पोचावीत. दोन डब्यांतली २१० आणि थांबलेली ५०, एकूण २६०. चार मिनिटांत काढायची तर मिनिटाला ६५. सव्वा मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला जवळपास तेवढीच माणसं उतरतात. म्हणजे एक जिना कसाबसा पुरतो. पण आग जिन्यापाशीच लागली तर? म्हणून दुसरा, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. दुसरा जिना 'उगाच' वाटतो आणि पैसे वाचवायला पहिला त्याच्यावरच डोळा जातो. तो सोडू नये.

नकाशे मांडले जातात तेव्हा चार आकडे मागून घ्यावेत: फलाटाच्या कडेपासून तुमच्या खिडकीपर्यंतचं आडवं अंतर, फलाटाची रस्त्यापासूनची उंची, जिने आणि लिफ्ट नेमकी कुठे उतरतात ती जागा, आणि वीज उपकरणांची व जनरेटरची खोली कुठल्या बाजूला. ट्रान्सफॉर्मर सेकंदाला शंभर कंपनांचा गुंग आवाज करतो. दिवसा रहदारीत ऐकू येत नाही, रात्री मात्र तोच राहतो. उभारणी झाल्यावर ती खोली हलत नाही.

वीज, आणि गाडी मधेच थांबते तेव्हा

बुकित पंजांगच्या गाड्या ६०० व्होल्टच्या तीन फेज विजेवर चालतात. वर तारा नाहीत, वीज मार्गातल्या पट्ट्यांमधून येते. दिसायला फार सुबक. पण तीन फेजना तीन पट्ट्या, शिवाय अर्थिंगची वेगळी. गाडीखालचे वीज उचलणारे जोड, म्हणजे कलेक्टर शू, या पट्ट्यांवर घासत जातात. पट्टीच्या दोन तुकड्यांचा सांधा सरळ नसेल, वळणावर डबा झुकला असेल, शूची स्प्रिंग ढिली असेल, तर शू उडतो किंवा तुटतो. तुटलेला शू मागून येणाऱ्या गाडीचाही शू तोडू शकतो. बारीक बिघाडाने आख्खी मार्गिका थांबते ती अशी. आणि मार्ग वळशाचा असल्याने एक गाडी अडकली की मागच्या साऱ्या अडकतात.

गाडी दोन स्थानकांच्या मधे बंद पडली तर लगेच दार का उघडत नाहीत, याचं उत्तर त्याच पट्ट्यांत आहे. त्या पायाच्या पातळीवर असतात. आधी त्या टप्प्याची वीज बंद करायची, ती खरोखर गेली का तपासायचं, चुकून कुणी चालू करणार नाही अशी कुलूपबंदी करायची, माणूस चालत गाडीपर्यंत पोचवायचा, मग टोकाचं दार उघडून प्रवाशांना मार्गावरून चालवत न्यायचं. आत बसलेल्याला हा वेळ संपत नाही.

तरी इथे चालायला सपाट काँक्रीट आहे. मुंबईच्या मोनोरेलखाली ते नाही. ती तुळईवर घोड्यावर बसावं तशी बसते. १९ ऑगस्ट २०२५ ला मुसळधार पावसात लोकल कोलमडल्या, गर्दी मोनोरेलकडे वळली आणि म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या मधे गाडी थांबली. १०४ टनांची क्षमता असताना भार १०९ टनांपर्यंत गेला आणि गाडीचा विजेच्या पट्टीशी असलेला संपर्क तुटला, असं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) सांगितलं. पाचशेहून जास्त माणसं अग्निशमन दलाच्या उंच शिड्यांनी एकेक करून उतरवावी लागली. ओझ्याने डबा काही मिलिमीटर खाली बसतो, एवढंच. पण वीज उचलणारा जोड त्या मिलिमीटरांच्याच मर्यादेत काम करतो. 'हलकी' या शब्दाला मर्यादा आहे ती इथे. लोकलसारखं 'अजून दोघं मावतील' इथे चालत नाही.

फलाटाच्या लांबीत अडकलेली क्षमता

बुकित पंजांगची गर्दी वाढली, गाड्या म्हाताऱ्या झाल्या. २०१८ मध्ये ३४.४ कोटी सिंगापूर डॉलरचं नूतनीकरणाचं कंत्राट दिलं गेलं: जुने १९ डबे जाऊन १९ नवे, आणखी १३ डब्यांची सुधारणा, सिग्नल, वीज पट्ट्या, सगळं. नवे डबे २०२४ पासून धावू लागले. यात डबे वाढवून तीन-चार डब्यांची गाडी का केली नाही? कारण फलाटच दोन डब्यांचा. तो वाढवायचा तर पुढचं वळण आडवं येतं, किंवा कुणाची तरी इमारत. मग उरतो एकच उपाय, गाड्या जवळजवळ सोडणं. जुन्या पद्धतीत मार्गाचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी. नव्या पद्धतीत प्रत्येक गाडी आपली जागा सतत कळवते आणि मागची गाडी थांबायला लागेल तेवढंच अंतर सोडून येते. हे सगळं बदलायचं ते रात्री, गाड्या बंद असताना मिळणाऱ्या तीन-साडेतीन तासांत. त्यातले पहिली पंचेचाळीस मिनिटं वीज बंद करण्यात आणि शेवटची तेवढीच पुन्हा तपासून चालू करण्यात जातात. म्हणून वर्षानुवर्षं लागली तरी आश्चर्य वाटायला नको.

सिंगापूरने पुढच्या दोन नगरांत, सेंगकांग आणि पुंगोलमध्ये, क्रम उलटा केला. रस्त्यांच्या मधोमध जागा आधीच राखली, खांब आणि स्थानकं आधी उभारली, इमारती भोवती नंतर आल्या. वळणं सौम्य झाली, खिडक्या दूर राहिल्या, घर घेणाऱ्याला समोर काय आहे हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. फक्त बांधलेल्या स्थानकांवर चढायला माणसंच नव्हती, म्हणून कित्येक स्थानकं वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिली. पुंगोलच्या पश्चिम वळशावर गाड्या २९ जून २०१४ ला सुरू झाल्या, पण त्यातलं टेक ली स्थानक न थांबता ओलांडलं जात होतं. भोवती पुरेशी वस्ती आणि शिक्षणसंस्था आल्यावर, १५ ऑगस्ट २०२४ ला, त्याची दारं उघडली.